खिशातलं खाजं

कुसबेवाडी, ता. कुडाळ
१२ सप्टेंबर २०२५

लवू,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. कान आता अगदीच गेले. फोन लावला की नुसतं घोंघावतं आणि मी आपली 'बरं, बरं' म्हणत राहते. मोबाइलवर लिहावं तर तो खंडूचा, आणि माझा हा पुतण्या आलेलं सगळं घराला मोठ्याने वाचून दाखवतो. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पत्र मला जड नाही. तूही चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होतास, तेव्हा पत्रानेच उत्तर दे.

विचारायचं आहे ते सुयोगबद्दल. चतुर्थीला घरी आला आणि पाच दिवसांत भाताचं शीत तोंडात घातलं नाही. सकाळी पेज वाढली तर वाटी सरकवली. मोदक हातात घेतला, कपाळाला लावला आणि खंडूच्या मुलाला दिला. ओलं खोबरं, काकडी आणि शेंगदाणे एवढ्यावर राहिला. आपल्याकडचा माणूस भाताशिवाय पाच दिवस काढतो, हे मी कोणाला सांगू? वर रोज पहाटे उठून तांबड्या रस्त्याने धावत जायचा, मागे गावची सगळी कुत्री. अंगात शर्ट नुसता लोंबत होता.

मी विचारलं तर म्हणाला, "बाय, तुका कळाचा नाय." मी त्याला वाढवलं आहे. माझ्या या धाकट्या भावाचं मला कळत नाही असं फार थोडं आहे. त्याच्या बायकोला, शकुला विचारलं तर ती त्याच्याकडे बघते.

तू त्याच्या शेजारच्या इमारतीत राहतोस. लहानपणापासून त्याच्याबरोबर आहेस. खरं काय ते लिही.

शेवंती


भांडुप
२६ सप्टेंबर

शेवंतीताई, नमस्कार.

घरात पेन शोधायला अर्धा तास गेला. वायरिंगच्या कामात टेस्टर लागतो, पेन नाही. चुका झाल्या तर कान धरायला तुम्ही लांब आहात, तेवढंच बरं.

घाबरण्यासारखं नाही. मार्चमध्ये सुयोगला शूगर निघाली. तीन महिन्यांची म्हणतात ती, साडेनऊ. डॉक्टरांनी गोळी दिली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिवसभर बसून काम, वय एक्कावन्न, आणि तुमच्या वडिलांचंही तेच झालं होतं, म्हणून तो घाबरला. मग मुलुंडच्या एका धावणाऱ्या मंडळींच्या गटात शिरला. तिथे चंद्रप्रकाश म्हणून एक माणूस आहे. त्यालाही शूगर होती, आता एक गोळी घेत नाही आणि बेचाळीस किलोमीटर धावतो. त्याचं म्हणणं असं की भात, चपाती, साखर, फळं सगळं बंद करायचं आणि अंगातल्या चरबीवर धावायचं. शरीराला सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो म्हणे.

पहिल्या महिन्यात सुयोगचे पाय लाकडासारखे झाले होते. जिना चढताना दोनदा बसायचा. मग चंद्रप्रकाशने सांगितलं, मीठ कमी पडतंय. आता मिठाचं पाणी पितो, अंडी आणि बांगडे खातो, आणि गाडी रुळावर आली आहे. बाकीचे लोक दर अर्ध्या तासाला खजूर खातात, हा खोबऱ्याचे तुकडे चघळतो. शूगर सातवर आली. ऑगस्टमध्ये एकवीस किलोमीटर धावला. मी होतो ना स्कूटरवर, पाण्याच्या बाटल्या घेऊन. दर रविवारी असतो. लोक विचारतात, दोघांत आजारी कोण.

जानेवारीत बेचाळीसची मॅरेथॉन आहे. त्याने मनावर घेतलंय. इतका खूश मी त्याला फार वर्षांत बघितला नव्हता, ताई.

लवू


कुसबेवाडी
९ डिसेंबर

लवू,

'शुगर'चा शु पहिला. तिन्ही वेळा चुकलास.

पत्र वाचून जीव थोडा खाली पडला. परवा जत्रा झाली. खंडू उद्या ट्रॅव्हल्सने एक खोका पाठवतो आहे. कोकमं, कालवणाला सुकी सुंगटं आणि जत्रेतलं आल्या-गुळाचं खाजं. खाजं तुला आणि शकुला. सुयोगला नाही.

आता एक काम सांगते, ते मनापासून कर. गोडाच्या बाबतीत सुयोगवर माझा काडीचा विश्वास नाही. सात वर्षांचा असताना फडताळातल्या मडक्यातला गूळ रोज खायचा. एकदा पकडलं तर म्हणाला, पोटात दुखत होतं, औषध म्हणून खाल्ला. चेहरा असा की मीच ओशाळले. बाबांचा पाय शुगरमुळे कापावा लागला, तेव्हा तू मुंबईला गेला होतास. मी नव्हते गेले. त्या खोलीतला वास मला अजून येतो.

म्हणून सांगते, त्याचा खिसा बघत जा. काही गोड सापडलं तर काढून घे. मला विचारत बसू नकोस आणि त्याला तर अजिबात विचारू नकोस. तो काहीतरी पटेल असंच सांगेल.

शेवंतीताई


भांडुप
२२ डिसेंबर

शेवंतीताई,

खोका पोचला. खाजं झकास आहे, एकदम कडक. माझ्या वाटणीचं दोन दिवसांत संपलं. शकुवहिनीने त्यांचं डब्यात घालून वर ठेवलंय.

पोलिसाची नोकरी सुरू केली आहे. मागच्या रविवारी पाण्याची बाटली देताना खिसा चाचपला तर दोन पेपरमिंट. विचारलं, "ह्या काय रे?" तर म्हणतो, "औषध हा ता." मला तुमच्या पत्रातला गूळ आठवला आणि मी इतका हसलो की त्यालाही हसू आलं. पुढे काहीतरी सांगत होता, तेवढ्यात गटातली मंडळी आली आणि तो गप्प झाला. गोळ्या मी जप्त केल्या.

अठरा तारखेला मॅरेथॉन. त्याआधी चार तारखेला पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर तीस किलोमीटरची शेवटची मोठी धाव आहे. पंचविसाच्या पुढे जरा गळतो, पण चंद्रप्रकाश म्हणतो जमेल.

तुम्ही काळजी करू नका, मी आहे.

लवू


भांडुप
१३ जानेवारी २०२६

शेवंतीताई,

खंडूने तुम्हाला सांगितलं असेलच. तुम्ही त्याच्याकडून कळवलंत की सगळं लिहून हवं, म्हणून लिहितो.

चार तारखेला सकाळी सव्वीस किलोमीटर झाल्यावर सुयोगला चक्कर आली. तो रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाडीची झाडी. दुकान नाही, रिक्षा नाही. तो कडेला बसला, मग आडवा झाला. अंग घामाने निथळत होतं आणि बोलणं दारू प्यायल्यासारखं. आम्ही मिठाचं पाणी दिलं. मग झटका आला. एका पक्षी बघायला आलेल्या माणसाच्या गाडीत घालून मुलुंडच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत पाऊण तास गेला.

डॉक्टर म्हणाले, शुगर वाढली नव्हती, उतरली होती. त्या घडीची मोजली तर बावीस, हवी निदान सत्तर. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेतलेली, अंगात भात-भाकरीचा साठा नाही आणि वर एवढं धावणं. नुसत्या पथ्याने असं होत नाही, गोळी चालू असताना होतं. गोळी कमी करायला हवी होती, त्यासाठी पाच तारखेला त्याची वेळही घेतलेली होती. इतका वेळ साखर न मिळाल्याने मेंदूला मार बसला. डोळे उघडतो, माणूस ओळखत नाही. किती सुधारेल ते सांगत नाहीत.

जागच्या जागी काही गोड पोटात गेलं असतं तर वाचला असता, असं ते म्हणाले. पण तिथे कोणाकडे गोड काही नव्हतं.

मला आणखी लिहवत नाही.

लवू


कुसबेवाडी
२५ जानेवारी

लवू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

तू होतास म्हणून तो हॉस्पिटलपर्यंत तरी पोचला. तुला मी काही म्हणत नाही. त्या चंद्रप्रकाशलाही काय म्हणू, परका माणूस. पण घरात बायको होती ना? नवऱ्याला शुगरची गोळी चालू आहे, तो अन्न सोडून मैलोन् मैल धावतो आहे, आणि त्याच्या खिशात चिमूटभर साखर घालावी एवढं तिला सुचू नये? खाजं पाठवलं होतं मी. ते डब्यात वर ठेवलं. डबा सांभाळला आणि माणूस घालवला.

मी तिला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात हेच लिहिलं आहे आणि जे लिहिलं ते मागे घेणार नाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं आहे. हॉस्पिटलने सोडलं की सुयोगला इकडे घेऊन या. त्याचं मी करीन. शकुने यायची गरज नाही.

शेवंतीताई


भांडुप
८ फेब्रुवारी

शेवंतीताई,

तुमचं पत्र शकुवहिनीला मिळालं. त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, घडी घातली आणि टीव्हीखालच्या खणात ठेवलं. मग मला म्हणाल्या, "भावोजी, मी घातलं होतं हो. मोठा तुकडा होता, कागदात गुंडाळून. हॉस्पिटलने कपडे दिले तेव्हा खिसा रिकामा होता. खाल्लं असेल आणि उपयोग झाला नसेल, की वाटेत पडलं असेल?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

त्यानंतर पाच दिवस मी त्यांच्या घरी गेलो नाही. आज हे लिहितोय, कारण उद्यावर टाकलं तर कधीच होणार नाही.

तुम्हाला खोटं लिहिलं. चार तारखेला पावणेसहाला आम्ही पंपिंग स्टेशनच्या गेटपाशी जमलो होतो. सुयोग बूट बांधायला वाकला आणि त्याचा खिसा फुगलेला दिसला. मी हात घातला. खाजं होतं. सगळ्यांसमोर वर धरलं आणि ओरडलो, "बघा रे, भात सोडलेला माणूस खिशात जत्रा घेऊन फिरतो." मंडळी हसली. चंद्रप्रकाश म्हणाला, "क्या सुयोगभाई, ये भी चलता है?" तोही थट्टेतच म्हणाला. सुयोगचा चेहरा पडला. एक शब्द बोलला असता तर मी लगेच परत दिलं असतं. पण त्या माणसाला तो फार मानायचा, ताई. त्याच्यासमोर आपण कच्चे दिसू नये असं त्याला वाटलं असणार. हसला आणि म्हणाला, "घे, तूच खा."

मी खाल्लं. स्कूटरवर बसून, त्याच्या मागून जाता जाता, सगळं.

तो पडला तेव्हा मी जवळ गेलो आणि विचारलं, काय होतंय. तो म्हणाला, "शुगर." मी म्हटलं, हो, माहीत आहे, शुगर आहे तुला, घाबरू नकोस. तो पुन्हा म्हणाला, "शुगर… शुगर दे." तो 'दे' मी ऐकला. मला वाटलं जीभ अडखळते आहे. आपल्याकडे शुगर म्हणजे आजार. साखर हवी तर माणूस साखर म्हणतो ना? त्याला तेव्हा कुठला शब्द सापडला असेल कोणास ठाऊक.

गटात दिशा म्हणून एक मुलगी आहे, कॉलेजात शिकते. तिच्याकडे आंब्याच्या रसाचं पाकीट होतं. ती धावत आली, नळी टोचली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्याने ओठ पुढे केले, मी बघितलं. मी तिचा हात झटकला. म्हटलं, "अगं वेडी आहेस का, त्याला शुगर आहे." पाकीट रस्त्यावर पडलं. ती म्हणाली, काका, पण कमी झाली असेल तर? मी म्हटलं, तू नको मला शिकवू, मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. लहान मुलगी, मागे सरकली. चंद्रप्रकाश तेव्हा पार दुसऱ्या टोकाला होता. मी मिठाचं पाणी पाजत राहिलो.

माझ्या दातांत तेव्हाही आल्याचा तिखटपणा होता.

तुम्ही खिसा बघायला सांगितलं होतं म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही काळजीने सांगितलंत. हात माझा होता. शकुवहिनीला मात्र तुम्ही काही म्हणू नका. त्यांच्या तोंडावर सांगायला मला जमलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून यायचं, एवढंच जमेल असं वाटतंय.

लवू


कुसबेवाडी
२० फेब्रुवारी

लवू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात बसले होते. आत जाऊन दार लावून घेतलं. खंडूला वाटलं, सुयोगचं काहीतरी आलं. तसंच म्हणायचं.

तू 'कोणाकडे गोड काही नव्हतं' असं लिहिलंस, तेव्हाच मला कळलं होतं, खाजं तू काढून घेतलंस. त्याच्या खिशात खाजं असणार हे मला ठाऊक होतं. तुला कसं सांगू?

नोव्हेंबरच्या शेवटी सुयोगचं पत्र आलं होतं. मला, स्वतःच्या हाताने. त्यात होतं ते जसंच्या तसं लिहिते. 'बाय, डॉक्टर म्हणतात भात सोडल्यापासून गोळी जास्त होते आहे, शुगर एकदम खाली जाऊ शकते. तसं झालं तर ताबडतोब गोड खायचं. म्हणून धावताना खिशात थोडं ठेवतो. शकु आठवणीने घालते. जत्रेतलं खाजं पाठव, ते उन्हात वितळत नाही.'

मी वाचलं आणि मला हसू आलं. म्हटलं, पोटात दुखत होतं म्हणून गूळ खाल्ला. पन्नाशी उलटली तरी कारण तेच. पत्र घडी करून पोथीत ठेवलं आणि तुला लिहायला बसले. त्याला विचारू नकोस, तो पटेल असंच सांगेल, असं मी का लिहिलं ते आता तुला कळेल. त्याने मला आधीच सांगितलं होतं आणि ते खरं होतं.

मग तो पडल्याचं कळलं. पहिली रात्र मी त्या पोथीकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी पत्र काढून वाचलं. 'शकु आठवणीने घालते.' हे वाचल्यावर मी शकुला ते पत्र लिहिलं. कोणाला तरी धरल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं, आणि ती लांब होती, गरीब होती, उलट बोलणारी नव्हती. तुला खोदून विचारलं नाही, कारण तू खरं सांगितलं असतंस तर मलाही सांगावं लागलं असतं.

शाळेत मुलं खोटं बोलली की मी चेहऱ्यावरून ओळखायची, असं सगळे म्हणत. मलाही तसंच वाटायचं.

वाडीत मी घरोघर जाऊन सांगितलं आहे की शकुचा दोष नाही. दोष कोणाचा तेही सांगितलं, तुझं नाव वगळून. काही जणींनी ऐकून घेतलं, काही जणींना पहिलीच गोष्ट जास्त आवडली आहे.

आता तू हे पत्र आणि सुयोगचं पत्र, सोबत ठेवलं आहे, दोन्ही शकुला वाचून दाखव. तुझं तू तोंडाने सांग. पेटीत टाकून यायचं नाही. शिमगा झाला की मी येते. तिने दारातच उभं ठेवलं तरी चालेल, पण मला येऊ दे असं तिला सांग.

शेवंती


भांडुप
३ मार्च

शेवंतीताई,

रविवारी सकाळी गेलो. सुयोगला घरी आणून दहा दिवस झाले. खिडकीपाशी खुर्चीत बसवतात, मानेला उशी लावून. वहिनी त्याला पेज भरवत होत्या. घट्ट काही गिळता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी पातळ पेज थोडी थोडी द्यायला सांगितली आहे.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गेटपाशी झालं ते, स्कूटरवर खाल्लं ते, पाकीट पाडलं ते. मग तुमचं पत्र वाचलं. मग सुयोगचं. त्याच्या पत्रातलं 'शकु आठवणीने घालते' वाचलं तेव्हा वहिनींनी चमचा वाटीत ठेवला. एवढंच. रडल्या नाहीत. मला वाटत होतं चार शिव्या देतील, वाटी फेकून मारतील. तसं काही झालं नाही. सुयोग माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी उभा होतो त्या दिशेला.

सुयोगचे ओठ पुसून त्यांनी विचारलं, "डब्यातला शेवटचा तुकडा होता तो. मऊ पडला होता?"

मी म्हटलं, "नाही. कडक होता."

"मला वाटलं मऊ पडला असेल," म्हणाल्या.

तुम्ही याल त्याबद्दल विचारलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मधली खोली झाडायला हवी, एवढं म्हणाल्या. तुम्ही या.

मी निघालो तर त्यांनी हाक मारली. वाटी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, त्यांना आता कामाला लागायचं आहे, एका पोळी-भाजी केंद्रात सकाळची पाळी मिळते आहे, तेव्हा उद्यापासून सकाळची पेज मी भरवायची. साडेसातला. घाई करायची नाही, एक घोट उतरला की दुसरा. मी खुर्चीपाशी बसलो. पहिला चमचा धरला, त्याने ओठ पुढे केले. तसेच, त्या दिवशीसारखे.

चव लागावी म्हणून मी विचारलं, यात काय घालू?

वहिनी पदर खोचत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीठ घाला. साखर नको. त्यांना शुगर आहे."

लवू